नोर-द्यु-केबेक : नकाशावर मोठं, माणसं मोजकी
कुणीतरी विचारलंय की कॅनडाच्या केबेक प्रांताचा अर्ध्याहून जास्त भाग नोर-द्यु-केबेक या एकट्या उत्तरेकडच्या विभागात येतो तर लोकसंख्या जेमतेम ४५ हजार कशी, तर बाबा तिथे राहणार कुठे? दक्षिणेला जंगल, वर उत्तरेला झाडंही संपतात. तिथल्या नुनाविक या उत्तर भागात इनुइट या मूळनिवासी लोकांची १४ गावं, सगळी किनाऱ्याला किंवा त्याच्या जवळ, आणि एकालाही बाहेरून रस्ता नाही, विमानानेच जायचं. जड सामान उन्हाळ्यात बोटीने येतं. खाली दक्षिणेला क्री या मूळनिवासी लोकांचा भाग, तिथे मातागामी ते रॅडिसन या गावांमध्ये ६२० किमी रस्ता आहे, तोही जेम्स बे भागातल्या जलविद्युत धरणांसाठी बांधलेला! पेट्रोल पंप वाटेत एकच, ३८१व्या किलोमीटरला. तो चुकला की बसा बोंबलत.