डोनल्ड क्रिस्पला आधी दिग्दर्शक का म्हणायचं नाही?

रीळवेडी

परवा रात्री भाच्यासोबत ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ पुन्हा पाहिला. जॉन फोर्डचा, 1941 चा. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या मॉर्गन कुटुंबाची गोष्ट. त्यातल्या बापाच्या भूमिकेसाठी डोनल्ड क्रिस्पला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, “मावशी, हा म्हातारा कोण गं? कसला बाप उभा केलाय!” मी सांगितलं की हा माणूस मूकपटांच्या काळात दिग्दर्शक होता, 1914 ते 1930 या काळात त्याने 70 च्या आसपास सिनेमे केले. पोराचा विश्वासच बसेना. त्याने शोधून पाहिलं तर सगळीकडे ओळख एकच, ‘चरित्र अभिनेता’. दिग्दर्शन म्हणजे जाता जाता एक ओळ.

मला हे मनापासून खटकतं. सोळा वर्षं, 70 सिनेमे, ही काही हौस नव्हे. डग्लस फेअरबँक्ससारख्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटाने 1925 मध्ये ‘डॉन क्यू, सन ऑफ झोरो’ त्याच्या हाती सोपवला. त्याच्या इंग्लंडमधल्या मूकपटांत पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या पाट्या तेव्हा अगदी नवखा असलेला आल्फ्रेड हिचकॉक रंगवत होता. दिग्दर्शन का सोडलं, याचं कारण क्रिस्पने पुढे स्वतःच सांगितलं: स्टुडिओचे मालक आपापल्या नातेवाइकांना सिनेमात घ्यायला लावायचे, त्याचा वीट आला. म्हणजे काम येत नव्हतं म्हणून नव्हे, कामात ढवळाढवळ झाली म्हणून. अशा माणसाची ओळख आधी दिग्दर्शक म्हणूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मिरजकर

ताई, क्रिस्प माझाही लाडका. पण दिग्दर्शक म्हणून? नाही पटत.

त्याच्या नावावरचा सर्वांत गाजलेला सिनेमा कुठला? ‘द नॅव्हिगेटर’, 1924. दिग्दर्शक म्हणून नावं दोन, मूकपटांतला विनोदवीर नट बस्टर कीटन आणि डोनल्ड क्रिस्प. कीटनने त्याला घेतलं ते गंभीर प्रसंग नीट उभे राहावेत म्हणून. विनोदाची बाजू कीटन स्वतः बघणार होता. पण सेटवर आल्यावर क्रिस्पच विनोद सुचवायला लागला आणि ज्यासाठी बोलावलं होतं ते राहिलं बाजूला. शेवटी कीटनने चित्रीकरण संपलं असं सांगून त्याला रजा दिली आणि काही भाग स्वतः पुन्हा चित्रित केले. आज आपण ‘नॅव्हिगेटर’ पाहतो तो कीटनसाठी. रिकाम्या बोटीवर कीटन आणि नायिका एकमेकांना शोधत डेकवरून गोल गोल धावतात आणि भेट काही होत नाही, तो प्रसंग आठवा. त्यातली वेळेची पकड कीटनची आहे.

(ती बोट खरी होती, ‘बुफर्ड’. 1919 मध्ये अमेरिकन सरकारने अराजकतावादी एमा गोल्डमनसह 249 जणांना याच बोटीत घालून रशियाकडे हद्दपार केलं होतं. मला तो सिनेमा बघताना दर वेळी हे आठवतं.)

तसाच ‘डॉन क्यू’. निर्माता फेअरबँक्स, नायक फेअरबँक्स, झोरोही तोच आणि झोरोचा मुलगाही तोच. चाबकाची ती सगळी करामत तो स्नोवी बेकर या ऑस्ट्रेलियन खेळाडूकडून शिकला. क्रिस्पने काम चोख केलं, एवढंच म्हणता येईल. चोख काम करणारा आणि स्वतःची नजर असणारा यांत फरक करायलाच हवा.

पडद्यामागून

मिरजकर, ‘एवढंच’ हा शब्द मागे घ्या! मी वीस वर्षं नाटकांची नेपथ्यं उभी करतोय. चोख काम करणाऱ्याशिवाय एकही मोठा नट उभा राहत नाही.

क्रिस्प कुठे घडला ते बघा. 1906 मध्ये अमेरिकेत आला, गाण्याच्या आवाजावर रंगभूमीवर शिरला, पुढे ब्रॉडवेचा नाट्यनिर्माता जॉर्ज कोहनकडे रंगमंच व्यवस्थापक झाला. तिथून मूकपटांचा नामवंत दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या मंडळीत. त्या मंडळीत कोणी ‘फक्त नट’ नव्हतं. जो अभिनय करेल तोच वेळ पडली तर गर्दी हाकेल. आपल्याकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हेच चालायचं. शांताराम तिथे पडेल ते काम करत शिकले, 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरीही तेच झाले. तालमीत सगळं शिकवतात तसं. अशा माणसाला ‘तू नट की दिग्दर्शक’ असं विचारणंच चुकीचं.

आणि ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (1919) विसरू नका. त्यात क्रिस्प म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतला बॅटलिंग बरोज, दारुडा मुष्टियोद्धा, पोटच्या पोरीला मारणारा. त्या पोरीचं काम करणाऱ्या लिलियन गिशने आठवणींत सांगितलंय की क्रिस्प दिवसा दुसरा सिनेमा दिग्दर्शित करत होता, म्हणून त्याचे प्रसंग रात्री चित्रित व्हायचे. दिवसभर दुसऱ्यांना समजावायचं आणि रात्री कुऱ्हाड घेऊन कपाटाचं दार फोडायचं. आत ती पोर कोंडलेल्या जनावरासारखी गोल फिरतेय... तो प्रसंग मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही.

सायंतारा

मला दोन्ही बाजूंची घाई खटकतेय. 70 पैकी तुम्ही दोन सिनेमांवर बोलताय. बाकीचे कुठे आहेत?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये अहवाल काढला. तिथे मूकपटांच्या काळात जवळपास 11,000 पूर्ण लांबीचे सिनेमे निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत साधारण 14 टक्के. नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या फिती जळाल्या, सडल्या, चांदी काढण्यासाठी वितळवल्या. क्रिस्पचा ‘रामोना’ (1916) हा कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाची गोष्ट सांगणारा केवढा मोठा सिनेमा, आज त्याचा तुकडाच शिल्लक आहे. आपल्याकडचं दुःख तर त्याहून मोठं. तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि हाताच्या बोटांवर मोजावेत इतके पूर्ण उरले. पेंटरांचा मूक ‘सावकारी पाश’ आज कोण दाखवू शकतं?

म्हणून मिरजकर, ‘नजर नव्हती’ हे तुम्ही म्हणू शकत नाही. आणि ताई, ‘थोर होता’ हेही तुम्ही म्हणू शकत नाही. पुरावाच जळून गेलाय.

दुसरं, ग्रिफिथच्या तालमीचं कौतुक करताना त्याच मंडळीने 1915 मध्ये ‘बर्थ ऑफ अ नेशन’ केला हेही लिहायला हवं. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला नायक ठरवणारा सिनेमा. त्यात क्रिस्प अमेरिकी यादवी युद्धातला जनरल ग्रँट झालाय.

मिरजकर

सायंतारा, जळालेल्या सिनेमांबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर. ‘नजर नव्हती’ हे मागे घेतो. पण जे उरलंय त्यावरून माणसाची ओळख ठरते, त्याला इलाज नाही. आणि जे उरलंय ते भरभरून उरलंय, नट म्हणून!

‘हाऊ ग्रीन’मधलं ते जेवणाचं टेबल आठवा. मजुरी कापली गेलीय, मोठी मुलं संघटनेची भाषा बोलताहेत, बापाला ते मान्य नाही. एकेक मुलगा उठतो आणि घर सोडायला निघतो. भरल्या टेबलाशी उरतो फक्त धाकटा ह्यू. तो आपण इथे आहोत हे कळावं म्हणून ताटाचा हलकासा आवाज करतो आणि बाप सांगतो की बाळा, तू आहेस हे मला माहीत आहे. बस्स, एक वाक्य. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. मोठ्या मुलांचं जाणं त्या एका वाक्यात ऐकू येतं. हे करू शकणारा नट दिग्दर्शनात अडकून पडला असता तर नुकसान आपलं होतं. म्हणून मी म्हणतो, 1930 मध्ये ‘द रनअवे ब्राइड’ करून तो थांबला ते फार बरं झालं. बोलपट आले होते, आणि त्याच्याकडे गाण्यात तयार झालेला आवाज होता.

रीळवेडी

मिरजकर, याच प्रसंगावरून मी उलट सांगते. असं थांबणं नुसत्या नटाला जमत नाही. कॅमेरा कुठे आहे, आपल्या वाक्याआधी किती शांतता हवी, पुढचा तुकडा कशावर जाणार, हे ज्याने सोळा वर्षं ठरवलंय तोच इतकं कमी करू शकतो. 1919 चा बरोज बघा, सगळा अंगाने, मानेने, जबड्याने केलेला. 1941 चा मॉर्गन बघा. मधल्या काळात तो काय करत होता? बराच काळ दिग्दर्शनच.

नाटकवाला

मूळ लेखातल्या एका गोष्टीवर बोलतो, कारण ताईंचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. नातेवाइकांमुळे दिग्दर्शन सोडलं, हे कोणी सांगितलं? क्रिस्पने. आणि क्रिस्पचा स्वतःबद्दलचा शब्द किती धरायचा?

आयुष्यभर त्याने सांगितलं की आपला जन्म स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफेल्डीचा. बोलण्यात स्कॉटिश ढब कायम ठेवली. 1996 मध्ये त्या गावाने त्याच्या नावाची पाटीसुद्धा लावली. नंतर कागद सापडले तर जन्म 1882 चा, लंडनच्या बो भागातला, कष्टकरी घरातला. ज्याने जन्मगाव बदललं त्याने दिग्दर्शन सोडायचं कारण बदललं नसेल कशावरून? 1930 च्या आसपास बोलपट आल्यावर मूकपटांच्या कितीतरी दिग्दर्शकांचं काम थांबलं. मला तेच जास्त शक्य वाटतं.

पडद्यामागून

नाटकवाला, शंका रास्त आहे. पण त्या जन्मगावाबद्दल मला राग येत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लंडनच्या पूर्व भागातली बोली तोंडात असली की माणसाची जागा ठरून जायची. त्याने नवा देश, नवा आवाज घेतला आणि मरेपर्यंत, 1974 पर्यंत, निभावला. हा अभिनय कॅमेरा बंद असतानाही चालू होता. फसवलं कोणाला? त्या गावाला मात्र वाईट वाटलं असेल, हे कबूल.

हिशेबनीस

क्रिस्पला कोणी ‘व्यवस्थेचा बळी’ म्हणू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. मी बँकेत आयुष्य काढलं, म्हणून हे मला जास्त जाणवतं. क्रिस्प अनेक वर्षं बँक ऑफ अमेरिकाचा सल्लागार होता. हॉलिवूडला भांडवल देणाऱ्या बड्या बँकांपैकी ती एक. म्हणजे सिनेमातल्या लॅसी या कुत्रीच्या छोट्या मालकाचा गरीब बाप आणि ‘नॅशनल व्हेल्वेट’मधला खाटीक बाप रंगवणारा हा माणूस सेटवरून उठून सिनेमांच्या कर्जाबद्दल मत द्यायचा. ज्या मालकांनी त्याला नातेवाईक घ्यायला लावले म्हणतात, त्यांचेच कागद पुढे त्याच्यासमोर येत असतील. सत्ता त्याच्या हातून गेली नव्हती, तिची जागा बदलली होती.

रीळवेडी

हिशेबनीस, हे मला माहीत नव्हतं, आभार. आणि नाटकवाला, तुमची शंका मान्य. ‘त्याने सांगितलेलं कारण’ असंच यापुढे लिहीन, ‘कारण’ म्हणून नाही. ओळख मात्र मी अजून ‘दिग्दर्शक आणि अभिनेता’ अशीच सांगणार, त्याच क्रमाने.

मिरजकर

क्रम तुमचा तुम्हाला लखलाभ, माझा मला. एक सांगायचं राहिलं. ‘नॅव्हिगेटर’मध्ये क्रिस्प दिसतो. नायिका एका उग्र चेहऱ्याच्या माणसाचं चित्र खोलीतून बाहेर फेकते, ते खाली कीटनच्या खिडकीबाहेर अडकतं आणि बोट हलेल तसं काचेआडून झुलत राहतं. कीटन भीतीने गारठतो. तो चेहरा क्रिस्पचा आहे.

रीळवेडी

इतक्या वेळा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं! ‘डॉन क्यू’मध्येही तो आहे, डॉन सेबॅस्टियन, खलनायक. म्हणजे स्वतःला स्वतःच दिग्दर्शित करतोय. रविवारी भाच्याला घेऊन तेवढे प्रसंग पुन्हा बघते. तुमच्यापैकी कोणी ते नीट पाहिलेत का? कॅमेरा त्याने स्वतःवर किती ठेवलाय आणि फेअरबँक्सवर किती, ते मला मोजायचंय.