नेसो नेपच्यूनपासून सुटून का जात नाही?

निरभ्र:
मुलीला प्रमाणबद्ध आकृती काढून दाखवताना मी नेपच्यून एक सेंटिमीटरचा घेतला. त्याचा सर्वांत मोठा उपग्रह ट्रायटन त्याच्यापासून सात सेंटिमीटरवर आला आणि कागदावर मावला. नेसो हा चिमुकला उपग्रह मात्र दहा मीटरवर, म्हणजे खोलीच्याही बाहेर गेला. नेपच्यूनपासून सरासरी सुमारे ५ कोटी किलोमीटरवरून, तेही नेपच्यूनच्या फिरण्याच्या उलट्या दिशेने, तो जवळपास २७ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. इतक्या लांबच्या वस्तूला नेपच्यून धरून कसा ठेवतो? सूर्य तिला ओढून का नेत नाही?

अवकाशवेध:
आपली शंका रास्त आहे, कारण हिशेब मांडला तर नेसोवरची सूर्याची ओढ नेपच्यूनच्या ओढीच्या दुपटीहून अधिक भरते. मात्र सूर्य नेसोला ओढतो तसाच, जवळजवळ तेवढ्याच त्वरणाने, नेपच्यूनलाही ओढतो, आणि म्हणून दोघे बरोबरच सूर्याभोवती वळत राहतात. नेसोला ग्रहापासून तोडू पाहतो तो सूर्याच्या या दोन ओढींमधला फरक, आणि सरासरी अंतरावर तो नेपच्यूनच्या पकडीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास असतो. हा फरक जिथे वरचढ ठरू लागतो, तिथवरच्या क्षेत्राला हिल गोल म्हणतात. नेपच्यूनच्या हिल गोलाची त्रिज्या सुमारे ११.६ कोटी किलोमीटर आहे. गुरू वस्तुमानाने अठरा पटींहून मोठा असूनही त्याचा गोल याच्या निम्माही भरत नाही, कारण गुरू सूर्याच्या कितीतरी जवळ आहे. आपल्या चंद्रालाही पृथ्वीपेक्षा सूर्यच दुपटीने ओढतो, तरी तो आपल्याला सोडून गेलेला नाही.

ध्रुवपद:
उलटी दिशा नेसोच्या पथ्यावरच पडली आहे. नेपच्यूनबरोबर सूर्याभोवती फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले, तर सुलट फिरणाऱ्या उपग्रहाला कोरिऑलिस बल (फिरत्या चौकटीतून पाहताना चालत्या वस्तूला बाजूला वळवताना भासणारे बल) बाहेर ढकलते आणि उलट फिरणाऱ्याला आत दाबते. त्यामुळे दूरवरच्या उलट्या कक्षा अधिक टिकाऊ ठरतात. जाता जाता एक भर घालतो: २०२४ साली जाहीर झालेला एस/२०२१ एन १ हा उपग्रह नेसोहूनही किंचित दूर आहे.

निरभ्र:
दोघांचेही मनापासून आभार. मग तो तिथेच जन्मला असेल का, आणि इतका अंधुक गोळा सापडला तरी कसा?

अवकाशवेध:
तिथे जन्मलेला नसावा. ग्रहाभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतून घडलेले उपग्रह विषुववृत्ताजवळ, सुलट आणि जवळपास वर्तुळाकार फिरतात. नेसोची कक्षा कललेली आणि इतकी लांबट आहे, की दूरच्या टोकाला तो बुध सूर्यापासून सरासरी जितका दूर असतो त्याहूनही लांब जातो. अशी कक्षा बाहेरून येऊन पकडल्या गेलेल्या पिंडाची असते.

शोधाची रीत मला फार आवडते. २००२ साली चिली आणि हवाई येथील मोठ्या दुर्बिणींनी नेपच्यूनभोवतीच्या आकाशाची अनेक छायाचित्रे घेतली गेली. प्रत्येक छायाचित्र नेपच्यूनच्या चालीइतके सरकवून सगळी एकावर एक रचली, की तारे रेघांसारखे ओढले जातात. पण ग्रहाच्या सोबतीने चालणाऱ्या उपग्रहाचा प्रकाश एकाच जागी साठत जातो आणि कुठल्याही एका छायाचित्रात न दिसणारा ठिपका रेघांच्या मधून उमटतो.