‘डिप्लॉय’ला तैनात म्हणायचं का?

उंबरठा
हेरोकू या अ‍ॅप चालवून देणाऱ्या सेवेवर जँगोचं (पायथनमधल्या वेब-चौकटीचं) अ‍ॅप चढवण्याची मराठी पुस्तिका तयार होते आहे. गाडी एका वाक्यावर अडली आहे: ‘डिप्लॉय करण्याआधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा आणि त्यातल्या पोर्टला अ‍ॅप बाइंड करा.’ म्हणजे अ‍ॅप सर्व्हरवर चालू करण्याआधी त्याला बाहेरून द्यायच्या किमती ठरवा, आणि त्यात दिलेल्या क्रमांकाच्या पोर्टला, जिथे विनंत्या येतात तिथे, अ‍ॅप जोडा. संपादकांना ‘तैनात’, ‘परिवेश चल’ आणि ‘बांधा’ हवंय. कच्चा मसुदा वाचणाऱ्या मुलांना त्यातलं काही कळत नाही. काय लिहावं?

शिकस्त
तैनात नकोच. मूळ अरबी ‘तअयीन’, म्हणजे नेमणूक. मराठीत तैनात म्हटलं की शिपाई आणि वसईच्या तहातली तैनाती फौज आठवते. तुम्ही स्वतःच वर ‘चढवणे’ लिहिलंय, तेच ठेवा.

पागोळी
चढवणे म्हणजे अपलोड झालं. गिट पुशने कोड पाठवल्यावर बिल्डपॅक (हेरोकूची बांधणीची स्क्रिप्ट) पॅकेजं बसवतो, कलेक्टस्टॅटिक चालवून सीएसएससारख्या फाइली गोळा करतो, स्लग (चालवायला तयार गठ्ठा) तयार करतो. मग रिलीजची आज्ञा असेल तर मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) होतं आणि शेवटी डायनो (अ‍ॅप चालवणारा हेरोकूचा कंटेनर) उठतो. ‘चढवणे’त यातलं काय येतं? ‘उपयोजन’ चांगला शब्द आहे.

शिकस्त
तो अ‍ॅप्लिकेशनवर आधीच खर्ची पडलाय. आता उपयोजनाचं उपयोजन करायचं?

दीडदांडी
‘चल’ला नाकं मुरडू नका. दहावीच्या गणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकतातच की मुलं.

उंबरठा
समीकरणात ठीक. ‘परिवेश चल सेट करा’ वाचून कोणीतरी परिवेश नावाच्या मुलाला हाक मारतंय असं वाटतं.

पागोळी
शिवाय हा चल चालत्या प्रोसेससाठी अचलच असतो. सुरू होताना जी किंमत मिळाली ती मिळाली. हेरोकूवर कॉन्फिग व्हार (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं तिथलं नाव) बदललं की नवा रिलीज बनतो आणि डायनो पुन्हा सुरू होतात, तेव्हा कुठे नवी किंमत पोचते. पुस्तिकेत शब्दापेक्षा एक गोष्ट ठळक छापा: किंमत नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते. डीबगला (चुकांचे तपशील दाखवणाऱ्या सेटिंगला) ‘फॉल्स’ दिलं आणि सेटिंग्जमध्ये ते थेट वापरलं, तर पायथनला ती रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे ट्रूच. मग एरर आली की कोडच्या ओळी साऱ्या जगाला दिसतात. ‘ट्रू’ या स्ट्रिंगशी बरोबरी तपासा, जुळली तरच डीबग चालू.

दीडदांडी
हे खरं, पण शब्दाचं काय? सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले तेव्हाही लोक हसलेच असतील.

शिकस्त
ते पाटीवर आणि अर्जावर रोज दिसले म्हणून रुळले. एरर मेसेज इंग्रजीत येतो. मुलगा शोधणार काय, ‘परिवेश चल सापडला नाही’?

नांगर
‘बांधा’बद्दल कोणीच बोलत नाही. ‘पोर्टला बांधा’ म्हणजे धक्क्याला होडी. पण इथलं पोर्ट लॅटिन ‘पोर्टा’वरून, म्हणजे दार. बंदराचं ‘पोर्टुस’ वेगळं. म्हणून ‘दारावर कान ठेवा’ जास्त जवळचं.

पागोळी
‘पोर्टवर ऐका’ पुरे, पण कुठल्या पत्त्यावर तेही सांगा. 127.0.0.1 वर (फक्त त्याच यंत्रापुरत्या पत्त्यावर) ऐकणारं अ‍ॅप बाहेरच्या राउटरला दिसत नाही, 0.0.0.0 (यंत्राचे सगळे पत्ते) हवं. कोडमध्ये 8000 ठोकून ठेवलं तर 60 सेकंदांत दिलेल्या पोर्टवर कोणी उत्तर देत नाही, प्रोसेस मारली जाते आणि लॉगमध्ये आर-10 (अ‍ॅप वेळेत सुरू न झाल्याची एरर) येतो. नवशिके तेव्हा डेटाबेस तपासत बसतात. प्रॉकफाइल, म्हणजे काय चालवायचं ते हेरोकूला सांगणारी फाइल: नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मागे एक्स्टेंशन नको, जागा प्रकल्पाच्या मुळाशी. अलाउड होस्ट्समध्ये (जँगोच्या परवानगीच्या यादीत) डोमेन नसेल तर प्रत्येक पानावर 400 ची एरर.

उंबरठा
टिपून घेतलं. अपलोड केलेले फोटो गायब होतात ते?

पागोळी
डायनोची डिस्क क्षणभंगुर. डायनो साधारण 24 तासांत एकदा तरी बदलतो, प्रत्येक डिप्लॉयलाही बदलतो. एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइलही तशीच जाते. डेटा पोस्टग्रेस या वेगळ्या डेटाबेसमध्ये, फोटो बाहेरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये.

दीडदांडी
‘क्षणभंगुर’! आता कसं मराठी आलं.

नांगर
तो डायनो का ते डायनो?

शिकस्त
तो. डायनोसोर तो, म्हणून.

नांगर
त्याचा डायनोसोरशी काय संबंध? आणि डिप्लॉय झाला, झाली की झालं?