एव्हरेस्ट बेस कॅम्प: मनाला नेमकं मिळतं काय?

सह्यवेडी
आम्ही चौघी मैत्रिणी, पन्नाशीच्या आसपासच्या. राजगड, हरिश्चंद्रगड नेहमीचे. पुढच्या ऑक्टोबरात ईबीसी (एव्हरेस्ट बेस कॅम्प) ठरतंय. जाऊन आलेले सगळे 'आयुष्य बदलतं' म्हणतात, आणि कसं ते विचारलं की फोटो दाखवतात. तिथे खरंच काय हाती लागतं? ते निसटू नये म्हणून आखणीत काय बघायचं? मिळालेला कार्यक्रम १२ दिवसांचा आहे.

उंचसखल
बेस कॅम्पला (५३६४ मी.) पोचल्यावर डोळे भरून येतील, ही अपेक्षा आधी काढून टाका. बऱ्याच जणांना तिथे काहीच वाटत नाही. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, आदल्या रात्री लोबुचेला (वाटेतला मुक्काम) धड झोप नाही, जेवण जात नाही. अशा मेंदूकडून भावनांची अपेक्षा कशी करणार! वर तिथून एव्हरेस्टचा माथा दिसतही नाही.

खरी मजा नामचे ते दिंगबोचे या गावांमधल्या टप्प्यात आहे. सकाळी उठायचं, चालायचं, जेवायचं, झोपायचं, एवढंच काम उरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यातली ऑफिस-घराची गजबज आपोआप मंदावते. अर्थात फोन बंद असेल तर. वायफाय जवळजवळ सगळीकडे विकत मिळतं. दुसरा चांगला काळ उतरतानाचा, फेरिचेच्या खाली भूक आणि झोप परत येते तेव्हा.

म्हणून १२ दिवस लुक्लापासून (विमानाने उतरून चाल सुरू होते ते गाव) मोजलेत की काठमांडूपासून, ते विचारा. लुक्लापासून असतील तर ठीक. नामचे (३४४०) आणि दिंगबोचे (४४१०) इथे प्रत्येकी दोन रात्री हव्यातच. यातली एक कापली, तर पुढचा सगळा ट्रेक डोकेदुखीत जातो.

प्राणवायू
वरच्या प्रतिसादाला +१. सह्याद्रीची सवय पायांना उपयोगी पडते, उंचीला नाही. उलट गड झपाझप चढणाऱ्यांनाच तिथे त्रास होताना दिसतो, कारण ते वेग कमी करत नाहीत. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० पेक्षा फार वाढवू नये.

मनाचंच बोलायचं तर, एखादी अचानक गप्प झाली, चिडचिड करायला लागली, तर 'मूड गेलाय' म्हणून सोडून देऊ नका. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, ते विचारा. असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी खाली. झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणं मात्र तिथे नेहमीचं. त्याने घाबरू नका. उंचीच्या त्रासावरची गोळी डायमॉक्स (सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं.

सह्यवेडी
धन्यवाद! एव्हरेस्ट बघायला काला पत्थरच्या टेकडीवर पहाटे जावं की संध्याकाळी?

उंचसखल
सूर्य एव्हरेस्टच्या मागून उगवतो, त्यामुळे पहाटे शिखर काळंच दिसतं. मावळतीचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. पण दुपारनंतर ढग येतात आणि अंधारात हेडटॉर्च लावून उतरावं लागतं. आकाश स्वच्छ असेल तर संध्याकाळ, नाहीतर पहाट. काला पत्थर आणि बेस कॅम्प यांपैकी एकच जमणार असेल, तर माझ्या मते बेस कॅम्प सोडा. प्रमाणपत्राचा मोह फार असेल तर गोष्ट वेगळी.

मणीभिंत
लोबुचेच्या आधी थुक्लाचा चढ संपला की गिर्यारोहकांची स्मारकं लागतात, तिथे किमान अर्धा तास ठेवा. १९९९ मध्ये प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय माथ्यावर २१ तास राहिलेल्या बाबू छिरी शेर्पांचं स्मारक तिथे आहे. २००१ मध्ये एव्हरेस्टवरच त्यांचा मृत्यू झाला. नुसता फोटो काढून पुढे पळणारे गट बघवत नाहीत. वाटेतल्या मणीभिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून जायचं.

आणि परतल्यावर काही आठवडे उगाच रिकामं, उदास वाटतं. बहुतेकांना वाटतं, हळूहळू जातं. पण दुसऱ्याच दिवशी ऑफिस गाठलं की जास्त बोचतं. लुक्लाची विमानं ढगांमुळे रद्द होतात, त्यासाठी दोन दिवस राखीव ठेवावेच लागतात. विमान वेळेवर सुटलं, तर ते दोन दिवस काठमांडूजवळच्या भक्तपूरला घालवा. ऑक्टोबरच्या गर्दीत बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. मध्यरात्रीनंतर चार-पाच तासांचा गाडीप्रवास धरून चाला.