आमच्या आक्काबद्दल लिहायचंय, पण 'अपंग असूनही' हे शब्द नको वाटतायत

पडवीतली मांजर

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझी मोठी आत्या, जिला अख्खी आळी आक्का म्हणायची, मागच्या वर्षी गेली. ९१ पूर्ण होती. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि भावंडांनी ठरवलंय की एक छोटी पुस्तिका छापायची, १६-२० पानांची, आलेल्यांना द्यायला. घरात बऱ्यापैकी मराठी टाइप करणारी मीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

थोडं सांगते. आक्का अडीच वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. तेव्हा पोलिओची लसच नव्हती, ती आली १९५५ मध्ये, तोवर ही वाईच्या आमच्या वाड्यात पन्नास माणसांचा स्वयंपाक करायला लागली होती. लग्न झालं नाही, म्हणजे कुणी केलं नाही. हातांवर सरकत फिरायची, पुढे सुताराने एक बुटका पाट करून दिला, खाली गॅरेजातली जुनी बेअरिंगं, पोरांच्या गाड्याला असतात तशी. त्या पाटाचा खडखडाट हा आमच्या घराचा आवाज. आणि आमच्याकडे माणूस नाही असा दिवस मला आठवत नाही. प्राज्ञपाठशाळेतली (वाईची संस्कृत पाठशाळा) वार लावून जेवणारी मुलं, नंतर मराठी विश्वकोशाच्या कामाला येणारी माणसं, महाबळेश्वरला निघालेले आणि एसटी चुकलेले, मेणवलीला शूटिंग असलं की त्यातले कोण कोण. सगळे जेवून जायचे.

तर चुलतभावाने पहिला परिच्छेद लिहून पाठवला, "दोन्ही पायांनी अपंग असूनही आक्कांनी आयुष्यभर अतिथीधर्म जपला". वाचलं आणि कसंतरीच झालं. उलट एक काकू म्हणतात की पायांचा उल्लेखच नको, गेलेल्या माणसाचं व्यंग कशाला काढायचं. मला दोन्ही पटत नाहीये पण नक्की काय खटकतंय तेही सांगता येत नाहीये. तुमच्या घरात असं कुणी होतं का? तुम्ही कसं लिहिलंत?

नाशिकची द्राक्षं

भावपूर्ण श्रद्धांजली. 'दिव्यांग' लिहा ना सरळ, अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पण हिंदीत दिव्यांगजनच आहे. हल्ली अपंग कुणी म्हणत नाही.

कॅलिपरवाली

@द्राक्षं, अपंग म्हणणारे खूप आहेत, मी स्वतःला म्हणते, आणि दिव्य वगैरे माझ्यात काही नाही हे माझ्या सासूला विचारा :) शब्दाचा प्रश्न नाहीये हो इथे. मांजरताईंना जे खटकतंय ते 'असूनही'. त्या एका शब्दात असं गृहीत धरलंय की पाहुणचार ही पायांनी करायची गोष्ट आहे.

मलाही लहानपणी पोलिओ झाला. मला कॅलिपर मिळालं, लोखंडी सळया, चामड्याचे पट्टे, बूट, गुडघ्याला लॉक. चालता यायचं, शाळेत जाता आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जमिनीवर बसायचं तर सगळं सोडा, उठायचं तर परत सगळं बांधा. म्हणजे पंगत बसली की मी कोपऱ्यात खुर्चीवर, ताट मांडीवर. बूट स्वयंपाकघरात चालत नाहीत म्हणून तिकडे जायची सोयच नाही. जयपूर फूट १९६८ च्या सुमाराला डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी केला तो याच कारणाने ना, की आपली माणसं मांडी घालतात, उकिडवी बसतात, अनवाणी चालतात आणि विलायती पाय त्याला चालत नव्हता. तो पाय कापलेल्यांसाठी, आमच्या काही कामाचा नाही, पण विचार अगदी बरोबर होता.

तुमच्या आक्काबद्दल वाचून मला खरं तर हेवा वाटला. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर, पोळपाट जमिनीवर, पंगत जमिनीवर. जुनं स्वयंपाकघर हे बसलेल्या बाईचंच होतं की. उभं राहता येणाऱ्या बायकाही बसूनच करायच्या सगळं. मग तिथे आक्काचं नक्की काय कमी होतं?

जुना पेन्शनर

वाई म्हटल्यावर थांबलो. माझे वडील बंधू ५८ ते ६१ वाईला शिकायला होते, वारावर जेवत असत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गरीब विद्यार्थी आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचा त्याला वार लावणे म्हणत. बंधू सांगत की काही घरी पान वाढतानाच कळायचं की आज आपला वार आहे ते त्यांना जड झालंय. गंगापुरीत कुठेतरी एक घर होतं तिथे बाई बसून असायच्या आणि मुलांनाच वाढायला लावायच्या, तिथे मात्र पोट भरून जेवायचो असं त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. तेच घर की काय माहीत नाही. बंधू आता नाहीत, नाहीतर विचारलं असतं.

पडवीतली मांजर

@जुना पेन्शनर काका, आमचं गंगापुरीच!! अंगावर काटा आला. आणि हो, वाढायचं मुलांनीच.

ते कसं होतं सांगते. आक्काला पंगतीतून फिरून वाढता यायचं नाही, म्हणून ती माजघराच्या दारात पाट लावून बसायची, शेजारी भाताचं तसराळं आणि आमटीचं पातेलं. नियम एकच, ज्याला हवं त्याने उठायचं, आणि आधी शेजारच्याला वाढायचं मग स्वतःला. त्यामुळे लाजरं पोरगंसुद्धा उपाशी राहायचं नाही, कारण त्याला मागावं लागायचंच नाही, शेजारचा आणून घालायचा. आणि ती बसलेली असल्यामुळे तिचे डोळे जेवणाऱ्यांच्या बरोबरीला. उभ्या माणसाला ताट वरून दिसतं, हिला तोंड दिसायचं. "खांबाजवळचं तिसरं पान, भात संपलाय, आणि तू रे, भाकरी चघळत बसलायस, तुला पिठलं आवडलेलं नाही, दही घे" असं चालायचं. नव्या पाहुण्याला पहिल्या दिवशी विचित्र वाटायचं, दुसऱ्या दिवशी तो स्वतः पाणी भरायला विहिरीवर.

@कॅलिपरवाली, तुमचं वाचून बाबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे ८६ साली ओटा झाला. गॅस आला, शहाबादी फरशी, सिंक, सगळे खूश. आणि आक्काला ओट्यावरचं काहीच दिसेना. एका आठवड्यात ती आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी झाली. भाजी निवड, लसूण सोल, असली कामं. बाबांनी शेगडी खाली जमिनीवर मांडायचं ठरवलं तर गॅसवाला म्हणाला चालणार नाही, शेगडी सिलिंडरपेक्षा वर पाहिजे. बरोबरच होतं त्याचं. शेवटी मागच्या पडवीत चूल परत घातली, वैलासकट (चुलीला जोडलेलं दुसरं तोंड), आणि एक वातीचा स्टोव्ह. पाहुणे पडवीत जाऊन बसायला लागले, ओट्यापाशी आई एकटी. (आईचा त्यावर थोडा राग होता, तो वेगळा धागा होईल.)

म्हणजे ती ५४ वर्षांची होईपर्यंत घरात 'अपंग' नव्हतीच म्हणा ना, ओटा आला आणि झाली.

बेअरिंग

छान चाललंय पण मी थोडा वाईटपणा घेतो. एवढं गोड करू नका. तिला कुणी विचारलं होतं का तिला पन्नास माणसांचं रांधायचं होतं की नाही? लग्न नाही, शाळा बहुतेक नाही, घराबाहेर पडणं नाही, मग अतिथीधर्म सोडून दुसरं होतं काय तिच्यासमोर? आमच्याकडेही एक अशीच मावशी होती, सगळे अन्नपूर्णा अन्नपूर्णा म्हणायचे आणि सिनेमाला जाताना कुणी तिला घेऊन जायचे नाहीत. नदी तुमच्या घरापासून किती लांब होती? किती वेळा पाहिली तिने?

नाशिकची द्राक्षं

@बेअरिंग वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत हे कुठे लिहिणार भाऊ

कॅलिपरवाली

का नाही लिहायचं? मला तर हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अजून एक मांजरताई, साठीनंतर तिचे हात, खांदे दुखायला लागले होते का? पोलिओ झालेल्यांना कित्येक वर्षांनी परत अशक्तपणा येतो, पोस्ट पोलिओ म्हणतात, जे स्नायू आयुष्यभर दुप्पट काम करतात ते थकतात. घरचे समजतात वय झालं. मला स्वतःला आता चाललंय हे म्हणून विचारलं.

पडवीतली मांजर

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण बेअरिंग यांचं वाचून आधी राग आला आणि मग बाबांना फोन केला.

नदी तीनशे पावलांवर. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असला की प्रत्येक आळीच्या घाटाचा वेगळा, आमच्या घाटाच्या उत्सवाला काका आणि बाबा तिला खुर्चीत बसवून उचलून न्यायचे. चाळिशीनंतर तिने बंद केलं. "मी काय पालखी आहे का, लोक देवीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात" म्हणाली. म्हणजे शेवटची ५० वर्षं तिने घाट पाहिला नाही. उत्सवाच्या प्रसादाची आमटी मात्र कुणीतरी घरी आणून द्यायचं आणि ती चाखून नावं ठेवायची. हे आम्ही सगळे हसत हसत सांगतो. परवा पहिल्यांदा हसू आलं नाही.

शाळा नव्हती, बरोबर. पण वारावर येणाऱ्या मुलांकडून लिहा-वाचायला शिकली, संस्कृत पण कानावरून बरंच. हिशोबाची वही तीच ठेवायची. आणि बाबांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. वाड्याच्या वाटण्या निघाल्या तेव्हा भावांनी हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढे ठेवला, सगळ्या बहिणी करतातच म्हणून. तिने सही केली नाही. १९९४ ला महाराष्ट्रात कायदा बदलला होता, ज्या मुलींचं तोवर लग्न झालेलं नाही त्यांनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा, आणि हे तिला जेवायला आलेल्या एका वकिलानेच समजावलं होतं. "माझं लग्न लावलं नाहीत ते बरं झालं" एवढंच म्हणाली म्हणे. पडवी, चुलीची खोली आणि विहिरीवरचा हक्क तिच्या नावावर झाला. भाऊ वर्षभर नीट बोलत नव्हते. पण जेवायला पडवीतच यायचे.

@कॅलिपरवाली हो. पासष्टीनंतर पाट ओढताना खांदा धरायची. आम्ही बाम लावून द्यायचो. पोस्ट पोलिओ हा शब्द आज पहिल्यांदा वाचला. तुम्ही प्लीज स्वतःला जपा.

जुना पेन्शनर

वकिलाची गोष्ट झकास. जेवणाची दक्षिणा सत्कारणी लागली.

कोयनेच्या भूकंपाची काही आठवण आहे का तुमच्या घरात? ११ डिसेंबर १९६७. मी कराडला होतो, पहाटे चार-सव्वाचारला जमीन नुसती घुसळली. अशा वेळी त्यांचं काय झालं असेल असं सारखं मनात येतंय.

पडवीतली मांजर

आहे ना, आमच्या घरात तो भूकंप आक्काच्याच नावाने ओळखला जातो. सगळे अंधारात अंगणात पळाले, पोरं मोजली, म्हशी मोजल्या, आणि मग आजीने विचारलं आक्का कुठाय. घरातल्या एकालाही सुचलं नव्हतं. बाबा तेव्हा १४ वर्षांचे, ते अजूनही हे सांगताना मान खाली घालतात. आत गेले तेच, त्यांच्याबरोबर एक वारावर येणारा मुलगा जो त्या रात्री पडवीत झोपला होता. आक्का उंबऱ्यापाशी पोचली होती, उंबरा ओलांडता येईना म्हणून थांबलेली. मांडीवर पिठाचा डबा!! म्हणाली आता सगळी बाहेरच झोपतील, सकाळी खातील काय.

आणि तसंच झालं. आळीतले लोक किती तरी रात्री थंडीत अंगणात झोपले, तीन दगड मांडून तिने तिथेच चूल पेटवली, पिठलं-भाकरी. बाबा म्हणतात तिला मी एवढी खूश कधी पाहिली नाही, कारण अंगणात उंबरा नव्हता.

त्यानंतर आजोबांनी सुताराला बोलावून सगळ्या उंबऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडाची पाचर मारून उतार करून घेतला. आम्ही पोरं त्यावरून गाड्या सोडायचो, कशासाठी आहे ते कधी विचारलं नाही.

बेअरिंग

मी जरा तोडून बोललो होतो, रागावू नका. हे भूकंपाचं पहिल्या पानावर घ्या. विसरले होते ते पण घ्या.

पडवीतली मांजर

घेतलंय. भावाचा परिच्छेद काढला. आता सुरुवात अशी केलीय, "आक्का बसून वाढायची, म्हणून आमच्याकडे पाहुणे उठून वाढायचे." पाय, पाट, ओटा, उंबरा, सगळं त्याच्याच पोटात येतं. काकूंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या हक्कसोडीचं काढ. काढणार नाहीये.

नाशिकची द्राक्षं

ती आमटी कशी करायच्या ते पण छापा की शेवटच्या पानावर. इथे टाकलीत तरी चालेल.

पडवीतली मांजर

टाकली असती पण तिचं सगळं प्रमाण "पळीभर", आणि ती लोखंडी पळी वाटण्यांत चुलतभावाकडे गेलीय. त्याला सांगितलंय, पाणी भरून मोजून कळव. वाघ्या घेवड्याची आहे, चिंच-गूळ आणि काळा मसाला, एवढं सध्या लिहून ठेवा.