बोन सिमेंटमधील बुडबुडे: भेगांचे मूळ की सोयीचा आरोपी?

पदार्थवेडा:
खुब्याचा कृत्रिम सांधा बसवताना ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९५८ मध्ये तो हाडात घट्ट बसवण्यासाठी ॲक्रिलिक सिमेंट, म्हणजेच बोन सिमेंट, वापरायला सुरुवात केली आणि त्याचे मूळ रसायन आजही फारसे बदललेले नाही. चालता-फिरता माणूस वर्षाकाठी प्रत्येक पायावर सुमारे दहा लाख पावले टाकतो. एका पावलाचा ताण सिमेंटच्या ताकदीच्या बराच खाली असतो, पण भेग एकदा पडली की तोच ताण तिला पुढे सरकवत राहतो. हाताने ढवळलेल्या सिमेंटमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि पुष्कळदा भेगेची सुरुवात तिथूनच होते. म्हणून निर्वात मिश्रण, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भांड्यात ढवळणे, सर्वत्र सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अस्थिशल्यक:
सक्तीला माझा विरोध आहे. सिमेंट बनते ते भुकटी आणि द्रव मोनोमर (ज्याचे सुटे रेणू जुळून प्लास्टिक बनते) मिसळून. हा द्रव घट्ट होताना सुमारे २१ टक्के आकुंचन पावतो. भुकटी आधीच बहुलक, म्हणजे रेणू जुळून झालेले प्लास्टिक, असल्यामुळे सिमेंटमध्ये हे आकुंचन ६ ते ७ टक्क्यांवर येते. बुडबुडे असले की त्यातला काही भाग त्यांच्यात जिरतो, ते काढून टाकले की सिमेंट कृत्रिम सांध्याच्या मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्यापासून सुटण्याचा धोका वाढतो. स्वीडनच्या खुबा-शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदवहीत निर्वात मिश्रणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुनर्शस्त्रक्रियेचा धोका वाढलेलाच दिसला होता.

पदार्थवेडा:
त्याच नोंदवहीत पुढच्या वर्षांत हा धोका कमी झाला, हे आपण गाळलेत. फटीग, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाने पदार्थ हळूहळू तुटणे, हा मुळात वर्षांचा मामला आहे, त्यामुळे उत्तरार्धच निर्णायक मानायला हवा.

जुना प्रयोगकर्ता:
आपण दोघेही भेगेचा जन्म आणि तिची वाढ यांची गल्लत करत आहात. बुडबुड्याचा प्रश्न मुख्यतः जन्माचा आहे. वाढ संशोधक पॉल पॅरिस यांच्या नियमाने चालते, म्हणजे दर चक्रामागची (इथे एका पावलामागची) वाढ ही भेगेच्या टोकावरील ताणतीव्रतेच्या पल्ल्याच्या घातानुसार बदलते. धातूंमध्ये हा घात साधारण २ ते ४ असतो, ॲक्रिलिकमध्ये बराच जास्त. समजा तो ६ धरला, तर पल्ला अवघा १० टक्क्यांनी वाढताच वेग सुमारे पावणेदोन पट होतो. अशा पदार्थात सिमेंटचा थर एका कोपऱ्यात पातळ राहिला, तर वाडग्यातली सारी काळजी वाया जाते. दुसरे असे की आयएसओ ५८३३ हे बोन सिमेंटचे आंतरराष्ट्रीय मानक दाबाखाली किमान ७० मेगापास्कल ताकद मागते, वाकवूनही तपासते, पण फटीगची किमान मर्यादा घालत नाही. मिश्रणाच्या सक्तीआधी ही उणीव भरून काढा. तीही ३७ अंशांच्या सलाइनमध्ये आणि चालण्याच्या गतीजवळच्या वारंवारतेवर, कारण घाईने जास्त वारंवारतेवर उरकलेल्या चाचणीत ॲक्रिलिकमधली भेग मंद वाढते आणि निकाल फसवा चांगला येतो.

अस्थिशल्यक:
मानकाबाबत सहमत आहे. तरीही दांड्याचे टोकदार कोपरे आणि थराची जाडी शल्यचिकित्सकाच्या व रचनाकाराच्या हातात असतात, सिमेंटच्या कारखान्याच्या नव्हे. नमुन्याची पट्टी प्रयोगशाळेत कितीही टिकली, तरी या दोन गोष्टी ती सांगत नाही.