मेलेल्या एसीचा कॉम्प्रेसर टायरात हवा भरायला लावावा का?

घाटवाट:
माझी जुनी महिंद्रा एमएम 540 आहे. आधीच्या मालकाने तिला बाहेरून एसी बसवून घेतला होता. ताडपत्रीच्या टपाखाली गारवा कसला टिकतोय! गॅस कधीच निघून गेला. कॉम्प्रेसर मात्र ठणठणीत आहे. सँडेनचा 508, पाच पिस्टनचा, एका फेऱ्याला 138 सीसी. 2000 आरपीएमवर फिरवला तर हिशेबाने मिनिटाला 276 लिटर हवा. दाब चढला की प्रत्यक्षात बरीच कमी मिळते, तरी सिगारेट लायटरवरचा पंप त्याच्या पासंगाला पुरत नाही.

जैसलमेरच्या वाळूत शिरताना मी टायर 18 पौंडांवर उतरवतो, डांबरी लागली की पुन्हा 32. माझ्या टायरला एवढं चढवायला साधारण 50 लिटर हवा लागते, चौघांना 200. मागच्या खेपेला छोट्या पंपाने हे करताना पंप दोनदा तापून बंद पडला आणि अर्धा तास उन्हात गेला. ट्रकवाले हवेच्या ब्रेकच्या टाकीला पाइप लावून वर्षानुवर्षं हवा भरतायत, मग आपण का नाही? ज्याचा एसी मेलाय त्याने कॉम्प्रेसर भंगारात देऊ नये, हवेला लावावा, असं माझं ठाम मत आहे.

मिस्त्री_कराड:
माझा विरोध आहे, आणि कारण एकच: ऑइल. ट्रकच्या कॉम्प्रेसरला इंजिनातून ऑइल मिळतं. 508 मध्ये ऑइल गॅसबरोबर पाइपांतून फिरून परत येतं. तुम्ही गॅसऐवजी हवा ओढलीत की ऑइल हवेसोबत टायरात जाणार आणि परत काही येणार नाही. आत बेअरिंग कोरडं पडतं, पिस्टन घासतात. असा एक मी स्वतः उघडलाय, आत काळा लगदा होता. जाम झालेल्या कॉम्प्रेसरने बेल्ट जाळला तर रानात टायरही राहू द्या, गाडीच उभी राहील.

घाटवाट:
माझ्या गाडीत त्याला वेगळा बेल्ट आहे. जाम झाला तर कॉम्प्रेसरच्या विजेवरच्या क्लचची वायर काढायची, पुली मोकळी फिरते. तेवढ्यानं नाही भागलं तर बेल्ट कापून टाकायचा. डायनॅमो आणि पाण्याचा पंप त्यावर नाहीतच.

मिस्त्री_कराड:
वेगळा बेल्ट असेल तर ती भीती मागे घेतो. ऑइलचं उत्तर अजून दिलेलं नाही.

युटाहून_नमस्कार:
मी सॉल्ट लेक सिटीत राहतो, मोआबच्या खडकांत जीप रँग्लर चालवतो. इकडे हे प्रकरण जुनं आहे. इथले जाणकार यॉर्क 210 हा एसीचा जुना कॉम्प्रेसर शोधतात. जुन्या अमेरिकी गाड्यांवर आणि व्होल्वोवर तो असायचा. त्याच्या पोटात स्वतःचं ऑइल असतं, म्हणून मिस्त्रींची तक्रार त्याला लागू होत नाही. तो जड आहे, थरथरतोही, पण मी डोळे मिटून तोच घेईन.

सँडेनवाल्यांनाही वाट आहे. आत येणाऱ्या हवेवर थेंबथेंब ऑइल सोडणारा ऑइलर, बाहेर पडणाऱ्या हवेवर ऑइल वेगळं करणारा सेपरेटर, आणि तिथे साठलेलं ऑइल पुन्हा आत. एसीचं पीएजी ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते काढून मिनरल ऑइल घालावं. काही जण बॉडीला ग्रीसचं निपल बसवतात. मला ते पटत नाही, ग्रीस कुठवर पोचतं ते दिसत नाही. आणि बाहेर पडणारी हवा इतकी तापते की साधा रबरी पाइप मऊ पडतो. पहिला मीटरभर जाळीचा टेफ्लॉन होज किंवा तांब्याची नळीच लावा.

चंद्रपूरकर:
मेलेल्या एसीचं ठीक आहे. पण हे वाचून कुणी चालू एसी उतरवायला निघेल, म्हणून लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश असतात, गाडीत लहान मूल असतं. एसी ही तिथे चैन नाही. हवेची हौस असेल तर दुसरा कॉम्प्रेसर ब्रॅकेट करून बसवा.

दुसरं गॅसचं. गाडीच्या एसीतला आर 134ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवणारा वायू आहे. नट सैल करून फुस्स करून सोडायचा नाही, मशीन असलेल्या माणसाकडून काढून घ्यायचा. उरलेल्या गॅसमध्ये हवा दाबून लीक तर मुळीच तपासू नका, दाबाखाली ते मिश्रण पेट घेऊ शकतं.

रात्रपाळी:
कॉम्प्रेसरची हवा साठवायला लोक टाकी लावतात, मला तिची चिंता आहे. दहा लिटरची टाकी 120 पौंडांवर फुटली तर शेजारी उभा माणूस वाचेलच असं नाही. जुनं सिलिंडर कापून-जोडून टाकी करणारे मी पाहिलेत. पीव्हीसी पाइप तर नकोच नको. हवेच्याच कामाची, तपासलेली टाकी घ्या, 150 वर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, 120 ला कॉम्प्रेसरचा क्लच बंद करणारा प्रेशर स्विच, आणि तळाला पाणी काढायचा कॉक, नाहीतर पावसाळ्यात ती आतून गंजेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, तेही आधी विचारून घ्या. एवढं सगळं करून वर्षातून चार वेळा हवा भरायची असेल, तर थेट बॅटरीला लागणारा चांगला पंप घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

घाटवाट:
रात्रपाळी, माझ्या वर्षात चार नव्हे, पंधरा-वीस खेपा होतात, सोबत चार-पाच गाड्याही असतात. तिथे बॅटरीचा पंप पुरत नाही, हे अनुभवाने सांगतो. बाकी टाकीचं सगळं मान्य. सध्या टाकीच ठेवत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि स्विच लावून हवा सरळ टायरला देणार.

मिस्त्री, ऑइलर आणि सेपरेटर दोन्ही बसवतो. दर खेपेनंतर किती ऑइल उरलं ते मोजून इथे लिहीन.

मिस्त्री_कराड:
मोजताना ऑइलचा रंगही बघा. चंदेरी झाक दिसली, म्हणजे आतला धातू झिजतोय, तर त्याच दिवशी थांबा, पुढच्या खेपेची वाट बघू नका.